सहलीत रेघ, घरी रंग

सप्टेंबर २०१५ पासून आम्हा बँकवाल्यांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. त्याआधी दर शनिवारी अर्धा दिवस बँक चालायची. दुपारी घरी येऊन जेवलं, जरा पाठ टेकली की दिवस संपलेला असायचा. आता महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार सलग मिळतात. बाहेरच्यांना ही चैन वाटते, पण त्या दोन शनिवारांवर घरातल्या किती जणांचा डोळा असतो ते आमच्याकडे येऊन पाहावं. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं असतं. नवऱ्याला गड चढायचा असतो. आठवीतल्या लेकीला मैत्रिणी हव्यात, चौथीतल्या लेकाला पाणी हवं आणि त्यात फेकायला दगड हवेत. नात्यात कुणाचं तरी केळवण असतंच. पडदे धुणं, माळा आवरणं, दळण ही कामं 'शनिवारी बघू' म्हणून महिनाभर पुढे ढकललेली असतात. आणि मला चित्र काढायचं असतं.

माझं चित्र काढणं तसं साधं आहे. तळहातापेक्षा थोडी मोठी वही, पाण्यानं न फुटणाऱ्या शाईचं पेन आणि जलरंगांची पेटी. समोर वाडा असो, मंडई असो की एसटी स्टँड, तिथंच बसून दिसेल ते काढायचं. सिएटलमधल्या गॅब्रिएल कँपानारिओ या पत्रकार-चित्रकारानं २००७ मध्ये 'अर्बन स्केचर्स' नावानं अशा लोकांना एकत्र आणलं, आणि आज जगभरच्या शहरांत असे गट आहेत. मी शाळेत असताना चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती. त्यानंतर लग्न, नोकरी, बदल्या यांत ब्रश कुठे गेला ते कळलंही नाही. लेकीचा एलिमेंटरीचा फॉर्म भरताना तिच्यासाठी पेटी आणली आणि सोबत माझ्यासाठीही एक घेतली. पुन्हा सुरुवात झाली ती अशी.

छंद जोपासण्याविषयी जो तो एकच सल्ला देतो : वेळ काढा. नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या बाईला हा सल्ला देणाऱ्यानं तो वेळ कुठून काढायचा तेही सांगावं. आमच्या घरात वेळ काढून कधीच निघाला नाही. तो वाटून घेतला, तेव्हा कुठे सगळ्यांच्या वाट्याला आला.

वाटणी भिंतीवरची

आमची वाटणी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहिलेली असते. ती मोबाइलमध्ये ठेवून चालत नाही, कारण सासूबाई मोबाइल पाहत नाहीत आणि लेक फक्त मोबाइलच पाहते. भिंतीवरचं सगळ्यांना दिसतं. दुसरा शनिवार माझा. चौथा शनिवार घराचा : साफसफाई, दवाखाना, बाजार, राहिलेली कामं. त्याच्या पाठचा रविवार बाहेर जायचा, कारण नवऱ्याच्या कारखान्याला रविवारीच सुट्टी असते. उरलेले रविवार नात्यागोत्याचे किंवा लोळायचे. मार्चच्या चौकटीत आम्ही काहीच लिहीत नाही. इयर एंडिंगच्या दिवसांत बँकेतल्या माणसानं सहलीचं नाव काढू नये. परीक्षांचे आठवडे लेक लाल पेनानं आधीच अडवून ठेवते.

माझ्या शनिवारी मी सकाळी सातला घराबाहेर पडते आणि अकराच्या आत परत येते. मुलं शाळेत असतात, नवरा कामावर, सासूबाईंचा पेपर आणि पूजा चाललेली असते, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. ठिकाण पुण्यातलंच, जवळचं निवडते. ओंकारेश्वराचा परिसर, कसब्यातली एखादी जुनी गल्ली, नाहीतर महात्मा फुले मंडई. ही मंडई १८८६ मध्ये 'रे मार्केट' म्हणून उघडली. तिचा मधला मनोरा अष्टकोनी आहे, आणि आठ बाजूंतल्या तीनच एका वेळी नीट दिसतात, एवढं कळायलाच मला बराच काळ लागला. समोर बसलं की भाजीवाल्या मावशी विचारतात, "ताई, मला काढलंत का?" दाखवलं की म्हणतात, "एवढी जाड आहे होय मी?" येताना भाजी घेऊन येते, म्हणजे तेही काम उरकतं.

रविवारी पुण्यात एकत्र जमून चित्रं काढणारे गटही आहेत. तिथं शिकायला खूप मिळतं. पण माझा रविवार घरच्यांचा असल्यामुळे मी फार क्वचित जाते आणि त्याचं वाईट वाटून घेत नाही. प्रत्येक चांगल्या गोष्टीला हजर राहायचं म्हटलं, तर छंदाचीही हजेरीपटावरची नोकरी होते.

एका दिवसात एकच गाव

आता सहलीचं. पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी ठिकाणं इतकी आहेत की दिवसभरात तीन-तीन ठिकाणं उरकण्याचा मोह होतो. आमच्याकडे नियम आहे : एका दिवसात एकच गाव, आणि तिथं किमान दोन तास एका जागी बूड टेकायचं. मला चित्र काढता येतं ते याच नियमामुळे, आणि सगळ्यांना सहल झेपते तीही याच नियमामुळे.

वाईचं उदाहरण घ्या. स्वारगेटहून एसटीनं गेलो तर खर्चही बेताचा. सासूबाई ७७ वर्षांच्या आहेत आणि पंचाहत्तरी उलटलेल्यांना २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे मी आणि लेक अर्ध्यात. लेकाचं वयामुळे अर्धं. पाच जणांत पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याचं, आणि ते तो दर वेळी मोठ्यानं बोलून दाखवतो. खंबाटकी घाट चढला की मुलांना भूक लागते, म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वरच्याच पिशवीत असते.

वाईला कृष्णेच्या काठी ढोल्या गणपतीचं देऊळ आहे. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी ते १७६२ मध्ये बांधलं. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. वर्षानुवर्षं दर्शन घेऊन परतलेल्यांपैकी अनेकांनी ही भिंत पाहिलेली नसते, कारण ती मागच्या अंगाला आहे. चित्र काढायचं तर आधी चारी बाजूंनी फिरावं लागतं, म्हणून ती मला दिसली. मग मी लेकाला तिथं नेलं. पाणी तिथं आपटून कसं वळत असेल, हे त्यानं घाटावर एक दगड उभा करून आणि वरून बाटलीतलं पाणी ओतून पाहिलं. त्याचा अर्धा तास तिथं गेला आणि मला अर्धा तास मिळाला.

तिथून तीनेक किलोमीटरवरच मेणवली, म्हणून ती आम्ही वाईतच धरतो. नाना फडणविसांचा वाडा, त्यातली जुनी भित्तिचित्रं आणि खाली उतरत गेलेला दगडी घाट. २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटाचं चित्रीकरण इथं झालं, ही माहिती लेकीकडून मिळते. घाटावरच्या देवळाजवळ एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. ती मुळात पोर्तुगीजांच्या चर्चमधली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्यानंतर ती इकडे आली. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. सासूबाईंनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "अगं, ही कुठली देवी?" मी सांगितलं. "असू दे. लेकुरवाळी आहे ना?" म्हणून त्यांनी पुन्हा हात जोडले.

दुपारी नवऱ्याचं ठरलेलं वाक्य येतं, "एवढं आलोच आहोत तर पाचगणी करून टाकू." पसरणी घाट चढला की पाचगणी, त्यामुळे त्याचंही खोटं नाही. पण पाचगणी केली की महाबळेश्वर खुणावतं आणि परतीला रविवार संध्याकाळच्या गर्दीत घाटात अडकायला होतं. मुलं पेंगलेली, सासूबाईंची कंबर धरलेली, आणि सोमवारी सकाळी सगळ्यांचा राग एकमेकांवर. म्हणून साडेतीन-चारला परतीची गाडी धरायचीच. पाचगणीसाठी दुसरा रविवार येतो. आला नाही तरी पाचगणी जागेवरच असते.

कोणाच्या गुडघ्याला काय झेपेल

ठिकाण निवडताना मी तीन गोष्टी विचारते. तिथं सावलीत बसायला जागा आहे का, स्वच्छतागृह कुठे आहे, आणि पायऱ्या किती आहेत. सौंदर्याचा नंबर त्यानंतर.

भाज्याची लेणी पुणे-लोणावळा लोकलनं गाठता येतात. मळवली स्टेशनला उतरायचं, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून गावातून चालत जायचं आणि मग पायऱ्या चढायच्या. ही २२ लेणी इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला घेतली. चैत्यगृहाच्या छताला लाकडी तुळया अजून आहेत. दक्षिणेकडच्या विहारात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत. वर लोहगड. मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत तो आहे. इथं आम्ही दोन तुकड्या करतो. नवरा आणि मुलगा गडावर, मी आणि मुलगी लेण्यांत वही घेऊन. सासूबाई त्या दिवशी नणंदेकडे. त्यांनाही लेकीकडे निवांत राहायचं असतं, आणि 'आईंना घरी ठेवून गेलो' असं कुणाला वाटत नाही. लोकल दुपारी विरळ असतात, तेव्हा वेळापत्रक आधी पाहून ठेवावं.

त्याउलट भुलेश्वर सासूबाईंना जमतो. सोलापूर रस्त्यावर यवतजवळून फाटा आहे, आणि गाडी देवळाच्या बरीच जवळ जाते. बाहेरून घुमटांमुळे हे देऊळ असेल असं वाटतच नाही. आत यादवकालीन काळ्या दगडावर शिल्पांची दाटी. त्यांत स्त्रीरूपातली गणपतीची मूर्ती, विनायकी, शोधायचं काम मुलांना दिलं की ती दमतात आणि आपल्याला बसता येतं. काळा दगड रंगवताना काळा रंग वापरायचा नाही, हे मी या देवळाच्या चित्रांवरच शिकले. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा भाजल्या मातीचा तपकिरी, हे दोन मिसळले की सह्याद्रीच्या दगडाचा खरा करडा मिळतो. निळा जास्त टाकला की सावलीतला दगड, तपकिरी जास्त टाकला की उन्हातला.

जुळवाजुळव करून जोडून रजा मिळाली तर औंध. सातारा जिल्ह्यातल्या या छोट्या संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत. रामायणावर त्यांनी चित्रमालिका केली. यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्पही. सूर्यनमस्कारांचा प्रसारही त्यांनीच हिरिरीनं केला. राज्यकारभार, व्यायाम, चित्रं हे सगळं एका माणसाला जमलं. अर्थात त्यांना दळण आणायचं नव्हतं.

रेघ तिथं, रंग इथं

सहलीत मी रंगाची पेटी उघडत नाही. पेन्सिल आणि पेन, एवढंच. रंगकामाला पाणी लागतं, कागद वाळायला थांबावं लागतं. पावसाळ्यात तो वाळतच नाही आणि एप्रिलच्या दुपारी ब्रश फिरवायच्या आत वाळतो. घरचे किती वेळ ताटकळत बसणार? म्हणून तिथं फक्त रेघ. समासात टिपणं करते : 'भिंत विटकरी, सावली निळसर, दार मोरपंखी पण विटलेलं, ऊन डावीकडून.' सुरुवातीला मोठे आकार टाकायचे, मग सावल्यांच्या कडा, मग एक-दोन माणसं. खिडक्यांचे गज मोजत बसायचं नाही.

रंग घरी. सकाळी साडेपाच ते सहाच्या सुमाराला, कुकर लावायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कोपऱ्यावर. तेवढ्यात एक आकाश होतं, दुसऱ्या दिवशी भिंत, तिसऱ्या दिवशी सावल्या. एका रविवारची रेघ अशी दोन आठवडे पुरते. सहलीतला वेळ घरच्यांपासून फार तोडावा लागत नाही आणि रोजच्या सकाळला काहीतरी धरायला मिळतं. छंद, घर आणि प्रवास यांची सांगड घालण्याची माझी युक्ती म्हणाल तर ही एवढीच. फोटो काढणाऱ्यानं निवड आणि छपाई घरी करावी, लिहिणाऱ्यानं टिपणं तिकडे आणि लेख इकडे, गाणाऱ्यानं प्रवासात फक्त ऐकावं. बाहेरून कच्चा माल आणायचा आणि आठवडाभर तो घरी शिजवायचा.

सामान कमी असलं तर हे जमतं. माझी पेटी केमलची, मुलांच्या दप्तरात असते तशीच. पाणी दांड्यातच भरता येतं असा ब्रश मिळतो, तो घेतला की वाटी नको. एका गोष्टीवर मात्र थोडे पैसे जास्त घालावेत, ती म्हणजे कागद. ३०० जीएसएमचा जाड कागद पाण्यानं फारसा फुगत नाही. पातळ कागदावर चांगला रंगही मळकट दिसतो आणि माणूस उगाच स्वतःच्या हाताला दोष देतो.

चहाची कपबशी कोण विसळणार

आता जरा कडू बोलते. छंदाचा विषय निघाला की आपण दिनकर केळकरांचं नाव घेतो, आणि घ्यावंच. पुण्यात चष्म्याचं दुकान चालवणारा, 'अज्ञातवासी' नावानं कविता करणारा हा माणूस अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे गोळा करत गावोगाव हिंडला. आज बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय त्याची साक्ष आहे. पावसाळी रविवारी आम्ही तिथंच जातो, कारण डोक्यावर छप्पर आणि काढायला हजारो वस्तू. पण या संग्रहामागे त्यांच्या पत्नी कमलाबाईंचे कष्ट आहेत, हेही तितक्याच आवाजात सांगायला हवं. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीतली नोकरी सांभाळून रानात जात, रेखाटनं करत, 'नागझिरा'सारखं पुस्तक लिहीत. अशा प्रत्येक भटकंतीच्या वेळी मला प्रश्न पडतो, मागे घरात पाणी कोण भरत होतं?

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत याचं उत्तर आकड्यांत आहे. स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ८८. म्हणजे बाईचा छंद कुठे हरवतो ते शोधायला लांब जायला नको. पुरुष रविवारी ट्रेकला जातो तेव्हा तो 'फ्रेश होऊन' येतो. बाई रविवारी चित्र काढायला जाते तेव्हा 'मुलांचं जेवण?' हा प्रश्न तिच्याबरोबर जिना उतरतो.

आमच्याकडे यावर भाषणं झाली नाहीत, कामं वाटली गेली. सहलीच्या दिवशी सकाळचा नाश्ता नवरा करतो. पोहेच करतो, दर वेळी पोहेच, पण करतो. डबा आदल्या रात्री सासूबाई आणि मी मिळून भरतो. परत आल्यावर पिशव्या रिकाम्या करणं, बाटल्या धुणं हे मुलांचं. रात्री खिचडीच. त्यावर कुणी तोंड वाकडं करायचं नाही. सासूबाईंनी सुरुवातीला विचारलं होतं, "काय गं, हे चित्र काढून पुढे काय करणार?" मी म्हटलं, "आई, तुम्ही एवढी वर्षं वाती वळताय, त्यांचं काय करता?" त्या हसल्या. आता माझ्या शनिवारी कुणी पाहुणा आला तर त्याच सांगतात, "ती नाहीये. मंडईत बसलीये चित्र काढत."

हे सगळं नेहमी सुरळीत चालतं असं नाही. कधी ताप येतो, कधी ऑडिट येतं, कधी नेमका दुसऱ्या शनिवारी कुणाचा तरी साखरपुडा असतो. त्या महिन्यात माझा शनिवार गेला तर तो दुसरीकडे भरून द्यायचा, हे मात्र ठरलेलं आहे. बँकेत बुडीत कर्जं खूप पाहिली. घरात एकही नको.

तेव्हा वाचकहो, छंदवर्गाची फी भरण्याआधी आणि सहलीचं बुकिंग करण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. महिन्यातला निदान अर्धा दिवस घरातल्या एकेकाच्या नावावर करा. सर्वांत आधी तिच्या, जिनं आजवर मागितलेला नाही. आणि त्या अर्ध्या दिवसात 'साखर कुठे ठेवलीय' हे विचारायला तिला फोन करू नका.